एकशे चाळीस किलोंची होडी

होडीची पहिली रेघ मारायच्या आधी मी वहीच्या कोपऱ्यात एक आकडा लिहिला: १४० किलो. लांबी, रुंदी, शीड, डोलकाठी हे सगळं त्याच्यामागून आलं.

मला हवी होती शिडाची लाकडी होडी. दोन माणसं, त्यांचं चार दिवसांचं पाणी, शिधा, अंथरूण-पांघरूण घेऊन खाडीत हिंडता यावं आणि रात्री तिच्यातच आडवं होता यावं, एवढी. पण राहते सांगलीत, आणि सांगलीत होडी ठेवायची तर ती घरी आणता आली पाहिजे. कृष्णामाईला पूर येतो. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात घाटाला होडी बांधून निश्चिंत झोपणं आपल्याकडे शक्यच नाही. शिवाय घाट म्हणजे पायऱ्या. चौघांनी उचलून त्या चढता आल्या पाहिजेत, म्हणजे माणशी ३५ किलो. त्यावरून १४०.

सांगलीला होडीचं कौतुक नवं नाही. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा दोन्ही काठांवर उभं राहायला जागा नसते. पण त्या होड्या वल्ह्यांच्या, लांब आणि अरुंद. शिडाच्या होडीचं गणित निराळं, कारण वारा तिला पुढे ढकलतो तसा आडवाही पाडू बघतो.

मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. छेद काढणं, पृष्ठभाग उलगडून सपाट करणं हे माझं रोजचं काम, म्हणून तयार नकाशा विकत न घेता स्वतःच आराखडा करायचं ठरवलं. सुरुवात वजनाच्या बेरजेनेच झाली. होडी १४०, डोलकाठी-शीड-सुकाणू-नांगर ४० च्या आसपास, दोन माणसं १३०, सामान आणि पाणी ११०. एकूण ४२० किलो. म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्या भागाचं घनफळ बरोबर ०.४२ घनमीटर हवं, कारण गोड्या पाण्याच्या एका लिटरला एक किलो. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांनी जड, तिथे तीच होडी जराशी वर तरंगणार. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत ठरावीक अंतरावर छेद घेतले, प्रत्येकाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ काढलं आणि क्षेत्रफळांवरून घनफळ देणाऱ्या सिम्पसनच्या नियमाने बेरीज केली. आकार नंतर फ्रीशिप नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही घातला, कारण ते वक्र बाजू उलगडून सपाट तक्त्याचा आकार देतं. पण घनफळ मी हातानेच काढलं. कुठल्या छेदाला किती भार आहे हे हाताने आकडे मांडताना समजतं, पडद्यावरच्या तयार उत्तरातून समजत नाही.

लांबी ठरवली प्लायच्या शीटने. आठ फुटी दोन शीटा तिरक्या सांध्याने जोडल्या की ४.८ मीटरच्या थोडं वर मिळतं. बाजूचा तक्ता वाकून जातो, त्यामुळे तो होडीपेक्षा लांब लागतो. म्हणून होडी ४.६५ मीटरची आणि पाण्यावरची लांबी ४.३. त्या लांबीवरून वेगाचीही मर्यादा कळते. होडी चालते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी आपल्याच लाटेच्या उतारावर अडकते. फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की हा वेग सागरी मैलांत मिळतो. माझ्या होडीला ताशी पाच, म्हणजे नऊ किलोमीटरच्या जरा वर. जड होडी ही मर्यादा ओलांडत नाही. हलकी आणि मागून सपाट असली तर चांगल्या वाऱ्यात लाटेवर चढून पुढे निघते.

रुंदी १.७५ मीटर ठेवली, आणि इथे मी अजिबात तडजोड केली नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून माणसं काढताना ब्रह्मनाळला होडी उलटली, हे आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. ती बातमी ऐकल्यापासून माझ्या मनात पक्कं बसलंय की होडीत किती माणसं बसली तर ती किती कलते, आणि पाणी आत आलं तर ती काय करते, याचं उत्तर होडी बांधण्याआधी कागदावर असलं पाहिजे. पुढे एक आणि मागे एक असे दोन हवाबंद कप्पे मिळून साडेचारशे लिटर. होडी काठापर्यंत भरली तरी दोन माणसांना आणि सामानाला धरून राहील, असा हिशेब आधी झाला. मग बसायच्या जागा आखल्या.

लाकूड काय घ्यायचं हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ गेला. बाजारात सहज मिळतो तो आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय. गर्जनचा, चिवट, पण जड. सहा मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट काट्यावर साडेबारा किलो भरते. गबून लाकडाची तशीच शीट आठ किलो. ती बाहेरून येते आणि महाग पडते. सगळी होडी गर्जनची केली असती तर पंचवीसेक किलो वाढले असते, आणि सगळी गबूनची केली असती तर नदीच्या गोट्यांवर टेकणारा तळ नाजूक झाला असता. म्हणून तळाला ९ मिलिमीटर गर्जन, बाजूंना ६ मिलिमीटर गबून आणि वरच्या डेकला ४ मिलिमीटर गबून. वजन खाली राहिलं, ताकद जिथे मार बसतो तिथे राहिली.

काम करायला काका होते. सगळं आयुष्य कुपवाडच्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करण्यात गेलं, आता निवृत्त. पॅटर्नवाल्याचा हात सुताराहूनही बारीक चालतो, अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर त्याला झोप लागत नाही. पण ४ मिलिमीटरची शीट हातात घेऊन त्यांनी मान हलवली.

"ताई, ह्ये कागदावानी हाय. ह्याच्यावर पाय ठिवायचा?"

"पाय ठेवायचा, काका. पण सपाट नाही लावायची, कमान देऊन लावायची."

"दावा मग आदी."

त्यांना पटवायला मी मिरजेला घेऊन गेले. मिरजेत सतारी-तंबोरे घडवायची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली आहे, आणि तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. एका दुकानात कारागीर तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावर बसणारी पातळ फळी, तासत होते. तुणीचं लाकूड, मधे किंचित फुगीर. तारांचा सगळा दाब घोडीतून त्या पातळ लाकडावर येतो आणि बाकामुळेच ती तो पेलते. काकांनी तबलीच्या कडेवर बोट फिरवून जाडी बघितली, मग मधे अंगठ्याने दाबून पाहिलं. काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, "डेकच्या खालच्या पट्ट्या किती अंतरावर घ्यायच्या?"

त्या दुकानातून आणखी एक गोष्ट घेऊन आलो. कारागीर तासता तासता मधेच बोटाच्या पेराने लाकूड वाजवून बघत होते. आम्ही प्रत्येक शीट तशी वाजवली. प्लायच्या आतल्या थरात पोकळी राहिली असेल तर तिथे आवाज बोदा येतो. वरून काही दिसत नाही. अशा जागा पेन्सिलीने वेढून ठेवल्या आणि तक्ते आखताना चुकवल्या. एका पुरवठादाराची गर्जनची शीट सगळीकडेच बोदी वाजली, कापल्यावर कडेला थर एकमेकांवर चढलेले दिसले. ती परत पाठवली. पुढे होडी तयार झाल्यावरही हीच परीक्षा कामाला आली. कापड नीट चिकटलंय का, सांध्यात मसाला पोचलाय का, सगळं कानाने कळतं.

दोन शीटांच्या सांध्याला जाडीच्या आठपट उतार द्यायचा. सहा मिलिमीटरला ४८. काकांनी चार शीटा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक मागे सरकवून रचल्या, टेबलाला आवळल्या आणि सगळ्यांवर एकदम रंधा धरला. उतार जसा तयार होतो तशा प्लायच्या थरांमधल्या गोंदाच्या गडद रेघा वर येतात. आधी वेड्यावाकड्या, तुटक. रंधा जिथे जास्त बसला तिथे रेघ एका अंगाला फुगते, कमी बसला तिथे दुसऱ्या. काका वाकून त्या रेघांच्या पातळीत डोळा आणायचे, फुगलेल्या जागी दोन हात मारायचे, पुन्हा बघायचे. शेवटी सगळ्या रेघा काठापासून काठापर्यंत सरळ, एकमेकींना समांतर झाल्या तेव्हा उतार झाला. मोजपट्टी लावायची गरजच नव्हती, लाकूडच माप सांगत होतं. मी वर्गात आता समोच्च रेषा शिकवताना तो तुकडा नेऊन दाखवते.

या होडीला आधी सांगाडा आणि मग फळ्या असा क्रम नसतो. तक्ते कापायचे, कडेला दर पंधरा सेंटिमीटरवर बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना टाके घालायचे. हौशी माणसांना ही रीत कळली ती १९६३ च्या मिरर नावाच्या इंग्लिश होडीमुळे. तार आम्हाला शोधावी लागली नाही. सांगलीत शेतीपंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्यांकडे हवी ती मिळते. टाके घालताना तक्ते नुसतेच लोंबत असतात. मग पुढची टोकं जवळ घेऊन पक्कड फिरवायला लागलो, आणि सपाट पडलेलं लाकूड पोट धरून उभं राहिलं. नाळेपासून मागच्या फळीपर्यंत बाक आला. मी महिनोन्महिने कागदावर तीन बाजूंनी पाहिलेला आकार एकदम समोर होता. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि काकांनीही पक्कड खाली ठेवली.

त्याच अवस्थेत ती सरळ करून घ्यावी लागते. गवंड्याची पाण्याची नळी लावून दोन्ही काठ एका पातळीत आणले, कर्ण मोजले, पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे बघत पीळ काढला. इथे राहिलेला पीळ सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा डिंक, बसल्यावर जन्मभर राहतो, आणि होडी एका बाजूला ओढते.

इपॉक्सीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या हवेत त्याचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं. रेझिन आणि हार्डनर मिसळले की उष्णता निघते, आणि ग्लासात खोल थर असेल तर ती बाहेर पडत नाही. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ग्लासातलं मिश्रण काही मिनिटांत धूर सोडून दगड होतं. म्हणून थोडंथोडं मिसळायचं आणि लगेच पसरट ताटात ओतायचं. सांध्यांचं काम पहाटे. पण कोऱ्या लाकडावरचा पहिला हात संध्याकाळी, ऊन उतरताना. सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, तेव्हा तीच हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. पावसाळ्यात आणखी एक करावं लागतं. दमट हवेत बसलेल्या थरावर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवायची, मगच पॉलिश पेपर मारायचा. पेपर आधी मारला तर साय आत रगडली जाते आणि पुढचा थर धरत नाही.

आतल्या सांध्यांना इपॉक्सीत लाकडाची वस्त्रगाळ भुकटी कालवून गोलाई भरली, वरून काचेच्या कापडाची पट्टी. तळाला बाहेरून पूर्ण कापड. कापड भिजवताना मोह होतो जास्त ओतायचा, चकाकतं म्हणून. पण विणीची जाळी दिसत राहील इतकंच हवं. जास्तीचं इपॉक्सी ताकद देत नाही, नुसतं वजन देतं. खरडपट्टीने निघालेलं काका डब्यात गोळा करून काट्यावर ठेवायचे आणि वहीत मांडायचे, म्हणजे होडीत नक्की किती गेलं ते कळे. खिळा, स्क्रू, झाकण, कडी, जे काही आत जाईल ते आधी काट्यावर. घरच्या लोकांनी त्या काट्याला 'नाका' नाव दिलं होतं.

डोलकाठीच्या बाबतीत हलकेपणाचा हिशेब सगळ्यात सुंदर बसतो. साडेचार मीटरची, बुडाशी ९० मिलिमीटर. भरीव घेतली असती तर चौदा किलो. आम्ही वखारीतून बिनगाठीचं डग्लस फर निवडून आणलं, त्याच्या आठ पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीच्या एका कडेला काटकोनी खाच पाडली. एकीची कड दुसरीच्या खाचेत बसत जाते आणि आठ मिळून आपोआप अष्टकोन होतो, आत पोकळ. मग रंध्याने सोळा कोन, मग गोल. वजन एक तृतीयांशाने उतरलं. कडकपणा मात्र एक अष्टमांशच कमी झाला, कारण वाकण्याला विरोध करतं ते बाहेरच्या घेरातलं लाकूड, मधलं लाकूड नुसतं ओझं होऊन बसतं. आणि हे ओझं उंचावरचं. डोलकाठीतला प्रत्येक किलो होडीला कलंडायला मदत करतो, म्हणून तिथे वाचवलेला किलो तळातल्या दोन किलोंपेक्षा मोलाचा.

शीड दहा चौरस मीटरचं, चौकोनी लग पद्धतीचं, वर परबाण आणि खाली बूम या दोन आडव्या काठ्यांमध्ये ताणलेलं. उंच त्रिकोणी शीड वाऱ्याच्या तोंडाशी जास्त जवळ जातं, पण त्याला लांब काठी आणि ताणाच्या तारा लागतात. प्रवासाच्या होडीला मला बिनतारेची, एकट्या माणसाने उपटून आडवी ठेवता येईल अशी काठी हवी होती. कापड डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं, शिवलं ताडपत्रीवाल्याकडे, झिगझॅग टाक्याने. पट्ट्यांच्या कडा किंचित बाकदार कापल्या की शिडाला पोट येतं.

पहिली परीक्षा नदीत घेतली नाही. होडी मुद्दाम उलटी पाडायची होती, आणि कृष्णेत मगरी आहेत. मामांचं तासगावकडे द्राक्षबागेसाठी शेततळं आहे, तिथे नेली. तळ्याचा प्लास्टिक कागद फाटू नये म्हणून काठावर पोती अंथरली, आणि ओल्या कागदावरून माणूस वर चढू शकत नाही म्हणून चारी बाजूंनी दोर सोडले. लाइफ जॅकेट घालून मी आणि होडीतली माझी जोडीदार, आम्ही दोघी पाण्यात, भाऊ काठावर दोर धरून. काठीचं टोक ओढून होडी आडवी केली. ती आडवीच तरंगत राहिली, पालथी झाली नाही. सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीवर, उभं राहिल्यावर माझ्या एकटीच्या वजनाने सरळ झाली, आत गुडघ्याच्या खाली पाणी. मग मुद्दाम काठोकाठ भरली आणि दोघी आत बसलो. काठ पाण्याच्या वर राहिला. मामा तळ्याभोवती फेऱ्या मारत होते, तेव्हा कुठे थांबले.

हरिपूरच्या संगमापर्यंत काही संध्याकाळी तिला चालवून हात बसवला. नदीत वारा उंच काठांमुळे तुटक येतो, त्यामुळे शिडाचा दोर कधीही होडीला बांधून टाकायचा नाही, हातात धरायचा, ही सवय तिथेच लागली. मग दिवाळीनंतर, आंबा घाटाने उतरून, जयगडच्या खाडीत. बंदर कार्यालयात आधी विचारून घेतलं होतं. भरतीबरोबर शास्त्री नदीत आत जायचं, ओहोटीबरोबर परत. तळ सपाट असल्याने ओहोटीला होडी चिखलात सरळ बसते आणि बुमवर ताडपत्री टाकली की दोघींना पाय पसरून झोपता येतं. खाऱ्या पाण्यात ती किती वर तरंगते तेही पाहिलं. रंगाच्या रेघेपाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं अंतर दिसलं.

वारा वाढला की सुकाणू हाताला जड लागायचं, होडी वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघायची. थोडी ओढ हवीच, हातातून सुकाणू सुटलं तर होडीने वाऱ्याकडे वळून थांबावं. पण ही जास्त होती. लग शिडात यावर उपाय सोपा असतो. परबाण काठीवर जरा पुढे सरकवून बांधलं आणि बुमचा दोर तेवढाच पुढे घेतला. शिडाचा दाबबिंदू सेंटरबोर्डच्या जवळ आला आणि सुकाणू दोन बोटांवर आलं.

घरी आणून वजन केलं तेव्हा काटा १४६ वर थांबला. सहा किलो कुठे गेले ते काकांच्या वहीत लिहिलेलं आहे: तीन नाळेवरच्या सागाच्या घासपट्टीत, दोन जास्तीच्या झाकणांत, एक रंगात. घासपट्टी काढायची नाही असं दोघांचंही मत आहे. आता शिडाला दुसऱ्या रीफच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड गुंडाळून लहान करायच्या, कड्या लावून घेतेय, आणि काका हलक्या वल्ह्यांसाठी शिवणीचं लाकूड बघतायत.